ओल्या रंगाचा बाण

ही गोष्ट खोटी आहे असं ज्यांना म्हणायचंय, त्यांनी खुशाल म्हणावं. मावशीला त्यानं काडीचाही फरक पडत नाही. तिनं मला एकच ताकीद दिली आहे. "लिहितोयस तर मीठमसाला न लावता लिही." म्हणून जसं घडलं तसं सांगतोय.

आणि हो... रात्र नव्हती.

दोन वर्षांपूर्वीचा शनिवार होता. भर दुपार. भुतं रात्रीच भेटतात हे कोणी ठरवलं, कोण जाणे.

मावशीच्या घरामागे एक डोंगर आहे. सकाळी चढायला लागलं की संध्याकाळच्या चहाला माणूस घरी. वाटेत धबधबा, वर माथा, आणि माथ्यावरून थेट समुद्र दिसतो. सुट्टीच्या दिवशी पायथ्याच्या पार्किंगमध्ये गाडी लावायला जागा मिळत नाही. गुडघेदुखीवाले आजोबा येतात, नुकतीच लग्न झालेली जोडपी येतात, उंच टाचांच्या चपला घालून येणारी मंडळीही असतात. मावशी त्यांना बघून कपाळावर हात मारते.

या सगळ्यांना वाट दाखवतात ते दगडांवरचे पिवळे बाण.

ते बाण काढायचं काम मावशीचं. तिच्याआधी ते तिच्या वडिलांचं होतं, म्हणजे माझ्या आजोबांचं. त्यांना सगळे अण्णाच म्हणायचे.

बाण काढणं म्हणजे तीन फटकारे आणि झालं, असं कोणालाही वाटेल. अण्णांना तसं म्हटलेलं खपायचं नाही. आधी तारेच्या ब्रशनं शेवाळ खरवडायचं. मग दगड कोरडा करायचा. मग त्याला दोन्ही हातांनी रेटायचं. मग त्यावर उभं राहून उडी मारायची. तसूभर जरी हलला तरी तो दगड बाद. कारण हलणारा दगड पावसाच्या लोंढ्यात फिरतो, आणि त्याच्यासोबत बाणही फिरतो. मग तो बाण माणसाला कुठे नेईल याचा भरवसा नाही.

"आधी दगडाला विचारायचं, मग रंग लावायचा," अण्णा म्हणायचे. मावशी लहान असताना त्यांच्या मागे डबा घेऊन फिरायची. एकदा तिनं हौसेनं एका डुगडुगत्या दगडावर बाण काढला, तर अण्णांनी तो तिच्याकडूनच खरवडून घेतला होता. तिचे हात सोलवटले, पण धडा पक्का झाला.

अण्णांचा अंगठा कधीतरी मोडला होता आणि वाकडाच जुळला होता. त्यामुळे त्यांच्या बाणाची शेपटी किंचित खाली झुकायची. मावशीनं कितीदा तरी तसा बाण काढून बघितला. तिला तो कधीच जमला नाही.

धबधब्याच्या वर एक फाटा आहे. उजवीकडे माथ्याची वाट. डावीकडे जुना कडा. पूर्वी तिथूनही समुद्र बघायचे. मग एका पावसात कड्याचा अर्धा भाग कोसळला, रेलिंगसकट. वाट बंद झाली. त्या बाजूचे सगळे बाण अण्णांनी स्वतः खरवडून काढले. ते त्यांचं शेवटचं काम. त्यानंतर ते आजारी पडले आणि घरी, आपल्या पलंगावर, मावशीचा हात हातात घेऊन गेले.

हे मुद्दाम सांगतोय. डोंगरावर नाही... घरी गेले.

*

त्यानंतर तीन पावसाळे नीट गेले.

मग एका रविवारी एक जोडपं पांढरंफटक होऊन खाली आलं. पायथ्याशी चहाची टपरी आहे. तिथल्या काकांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मुलीला धड बोलताही येत नव्हतं.

"आम्ही बाण बघूनच चाललो होतो," मुलगा म्हणाला. "आणि पुढे वाटच नव्हती. हिनं माझी सॅक धरली म्हणून..."

मावशी तशीच उठली आणि वर गेली.

डाव्या वाटेवर बाण होता.

पिवळाधमक.

तिनं बोट लावलं. बोटाला रंग लागला... ओला.

आणि बाणाची शेपटी किंचित खाली झुकलेली होती.

मावशी तिथेच मटकन बसली. ती मला म्हणाली, "आधी भीती नाही रे वाटली. आधी आनंद झाला. अण्णांचं अक्षर दिसल्यासारखं वाटलं. आणि मग आठवलं, हा बाण कुठे नेतोय."

तिनं रंग पुसला, खालचा दगड खरवडला. वाटेवर आडवी दोरी बांधली, पाटी लावली.

पुढच्या रविवारी बाण परत होता. दोरी सोडून, नीट गुंडाळून बाजूला ठेवलेली होती. अण्णा ठेवायचे तशी.

अशा गोष्टी लपून राहत नाहीत. टपरीवरच्या काकांची आणि अण्णांची जुनी दोस्ती. एका सकाळी ते चहा गाळता गाळता मावशीला म्हणाले, "राग मानू नकोस. पण लोक बोलतायत. अण्णाला एकटं वाटत असेल. तो बोलावतोय माणसांना."

मावशीनं ग्लास दाणकन खाली ठेवला. अर्धा चहा टेबलावर सांडला.

"काका, ज्या माणसानं जन्मभर परक्या पोरांना घरी सुखरूप पोहोचवलं, तो मेल्यावर त्यांना कड्यावरून ढकलेल? तुम्हाला असं बोलवतं तरी कसं?"

"मग बाण कोणाचा आहे?"

मावशी फडका घेऊन सांडलेला चहा पुसायला लागली.

माझ्या आईनंही तिला फोन करून झापलं. "तू तो डोंगर सोड बघू. अण्णा असोत नाहीतर आणखी कोणी. तुझं काही बरंवाईट झालं तर?"

"ताई, मी सोडला तर लोक म्हणतील तेच खरं ठरेल. अण्णांच्या नावाला हे चिकटून राहील. मी नाही सोडणार."

मावशी हट्टी आहे. आमच्या घरात तिच्या हट्टापुढे कोणाचं काही चालत नाही.

*

तर तो शनिवार.

सकाळपासून धुकं होतं. वर कोणी गेलेलं नव्हतं. मावशीनं रंगाचा डबा घेतला, तारेचा ब्रश घेतला, गळ्यात शिट्टी अडकवली आणि एकटीच निघाली.

फाट्यापर्यंत सगळं ठीक होतं. धुक्यात चार-पाच पावलांपलीकडचं दिसत नव्हतं, पण मावशीला त्या वाटेवर डोळे लागत नाहीत. डाव्या अंगाला धबधब्याचा आवाज सतत असतो. त्या आवाजावर ती चालते.

ती फाट्यावर पोहोचली. वाकली. ब्रश काढला.

आणि धबधबा थांबला.

म्हणजे आवाज थांबला... कोणी नळ बंद करावा तसा.

पाखरंही गप्प झाली. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

मग रंगात घालतात त्या टर्पेंटाइनचा वास आला.

तिचा डबा तर बंद होता.

मग डाव्या बाजूनं, धुक्याच्या आतून...

टण.

डब्याचं झाकण दगडावर ठेवल्याचा आवाज.

सर्र.

सर्र.

सर्र.

तीन फटकारे.

आणि मग खोकला. अण्णांचा. आधी एक छोटा, मग एक मोठा, मग घसा साफ केल्याचा. आयुष्यभर भिंतीपलीकडून ऐकलेला खोकला माणूस विसरेल कसा?

"ठमे..."

मावशीनं मान वर केली. या जगात तिला 'ठमे' म्हणणारा एकच माणूस होता.

"ठमे, इकडून ये. इकडून वाट आहे."

मला हे सांगताना मावशी पहिल्यांदाच थांबली. पाणी प्यायली. "तुला खोटं कशाला सांगू?" ती म्हणाली. "मला जायचंच होतं. तीन वर्षं झाली होती आवाज ऐकून. मला वाटलं, एकदा बघून घेते. नुसतं बघून येते."

ती डावीकडे वळली.

पहिला बाण. ओला. झुकलेल्या शेपटीचा.

चार पावलांवर दुसरा.

"ये, ये. डबा आणलास ना?"

"आणलाय अण्णा," ती म्हणाली. रडत होती.

तिसरा बाण एका बुटक्या दगडावर होता. त्याच्यापलीकडे नुसतं पांढरं धुकं. धुक्यात कोणीतरी पाठमोरं वाकलेलं होतं. खांदे अण्णांचे. टोपी अण्णांची.

"ये, ठमे. पाय टाक."

तिनं दगडावर पाय टाकला.

आणि दगड हलला.

थोडासाच. डुगडुगला आणि परत बसला.

मावशी जागच्या जागी थांबली.

तिनं खाली बघितलं. मग पुन्हा पायानं रेटून बघितलं. दगड पुन्हा हलला. आणि त्याच्यावर अण्णांचा बाण होता.

मावशीचं रडणं तिथल्या तिथे आटलं. पायाच्या नखापासून डोक्यापर्यंत संताप चढला.

"कोण आहेस तू?"

समोरचे खांदे हलले नाहीत.

"माझ्या बापाची टोपी घातलीस. त्याचा खोकला उचललास. त्याचा बाणसुद्धा उचललास. पण अरे मूर्खा, माझ्या बापानं उभ्या आयुष्यात हलणाऱ्या दगडावर बाण काढला नाही! आधी दगडावर उभं राहून बघतात, एवढंही कळत नाही तुला? आणि निघालास अण्णा व्हायला!"

त्या उजाड कड्यावर, धुक्यात, एका भुताला ती काम नीट न केल्याबद्दल झापत होती. आमच्या घरात याच्यावर आता सगळे हसतात. त्या वेळी ती हसत नव्हती.

तिनं दोन्ही हात लावले आणि तो दगड, बाणासकट, कड्याकडे लोटून दिला. दगड गडगडला... काठावर गेला... आणि खाली.

ती कान देऊन उभी राहिली.

खाली खडक आहे. कोसळलेल्या कड्याचा सगळा ढिगारा तिथे पडलाय. वरून साधा खडा टाकला तरी टक्कन आवाज येतो.

आवाज आला नाही.

ती थांबली. आणखी थांबली.

आवाज आलाच नाही. जसा काही तो दगड खाली कोणीतरी अलगद झेलला.

मग धबधबा एकदम सुरू झाला. समोर कोणी नव्हतं.

मावशी खाली आली ती थेट टपरीवर. हात पिवळे, केस विस्कटलेले. चार-पाच माणसं चहा पीत होती. तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "तिथे जे आहे ते अण्णा नाहीत. मी बघून आलेय. यापुढे कोणी अण्णांचं नाव घेतलं तर माझ्याशी गाठ आहे."

काकांनी तिच्यापुढे चहा ठेवला. मग म्हणाले, "चुकलं माझं."

*

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा वर गेली. ऊन होतं. वर दोन-तीन ग्रुपही होते. धीर होता.

तो दगड जागेवर होता.

तोच बुटका दगड, त्याच खळग्यात. मावशीनं स्वतः लोटून दिलेला. पण आता त्याच्यावर बाण नव्हता. रंगाचा ठिपकाही नव्हता.

बाण शेजारी होता... डोंगराच्याच अंगातून वर आलेल्या खडकावर.

शेवाळ खरवडलेलं. दगड कोरडा केलेला. शेपटी किंचित झुकलेली.

मावशी त्या खडकावर चढली. उडी मारली. पुन्हा मारली.

तसूभरही हलला नाही.

तेव्हा मात्र तिला दरदरून घाम फुटला. कारण आता त्या बाणात एकही चूक नव्हती. आणि ती चूक कशी सुधारायची, हे तिनंच ओरडून सांगितलं होतं.

त्यानं ऐकलं होतं... आणि तो शिकला होता.

दुसरं कोणी असतं तर त्या दिवशी काम सोडलं असतं. मावशीनं घरून घडीची खुर्ची आणली. अंगात पिवळा रेनकोट चढवला आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः फाट्यावर जाऊन बसायला लागली. खाली पार्किंगमध्ये टपरीवरचे काका प्रत्येक ग्रुपला सांगायचे, "फाट्यावर बाण बघू नका. पिवळ्या रेनकोटमधली मावशी बसलेली असेल. ती दाखवेल तिकडे जा."

"तो बाण काढू शकतो," ती आईला म्हणाली. "माणूस कसा काढेल?"

तो हंगाम सुरळीत गेला. लोक तिच्यासोबत फोटो काढायचे. ती त्यांना उंच टाचांवरून बोलणी ऐकवायची. अण्णांचं नाव घेऊन घाबरणारं कोणी उरलं नव्हतं. तिला वाटलं, जिंकले.

मग एका दुपारी धबधब्यापाशी एका बाईंचा पाय मुरगळला. मावशी खुर्ची सोडून खाली गेली. क्रेप बँडेज बांधलं, त्यांना उभं केलं, परत वर आली.

डाव्या वाटेवरून दोन भाऊ पळत येत होते. तिशीतले, धडधाकट. तिला बघितलं आणि दोघेही जागेवर खिळले.

"मावशी... तुम्ही इथे?"

"मग कुठे असणार?"

थोरल्यानं मागे बोट दाखवलं. "तुम्ही तिकडे उभ्या होतात. रेनकोट घालून. हात करत होतात, या या म्हणून. आम्ही चाललोच होतो, पण ह्याला काहीतरी..."

"मला विचित्र दिसलं," धाकटा म्हणाला. "म्हणजे सगळं तुमच्यासारखंच होतं. चेहरा, आवाज, सगळं. फक्त त्या बाईच्या..."

आणि धबधबा थांबला.

मावशीनं झडप घालून त्याच्या तोंडावर हात दाबला.

"एक शब्द बोलू नकोस!"

तिघेही तसेच उभे राहिले. डावीकडच्या झुडपांमागे काही हललं नाही. पण शांतता अशी होती की जणू कोणीतरी श्वास रोखून वाट बघतंय.

पुढचा शब्द ऐकायची.

"माझी एकदा चूक झाली," मावशी मला म्हणाली. "त्याला एकदा शिकवलं. दुसऱ्यांदा फुकटची शिकवणी नाही."

तिनं दोघांना दंडाला धरून खाली आणलं. वाटेत कोणी बोललं नाही. पार्किंगमध्ये त्यांच्या गाडीत बसवलं, काचा वर केल्या, रेडिओ मोठ्यानं लावला. मगच धाकट्याच्या तोंडाजवळ कान नेला.

"हं. आता सांग. त्या बाईचं काय?"

त्यानं सांगितलं.

मावशीनं मान हलवली. आणि आरशात स्वतःकडे बघून घेतलं.

*

आता सकाळी पार्किंगमध्येच बंद गाडीत, रेडिओ लावून, ती प्रत्येक ग्रुपला ती खूण सांगते. खरी मावशी कोणती आणि ती दुसरी कोणती, हे ओळखायची खूण. मग तीही वर फाट्यावर जाऊन बसते. ग्रुप वर जातो आणि तोंड बंद ठेवतो. इतक्या लोकांना सांगून झालं, पण वर जाऊन अजून कोणी चकार शब्द बोललेलं नाही. भीतीनं असेल, नाहीतर मावशीच्या धाकानं. आणि अजून कोणी पडलेलं नाही.

आई तिला विचारते, "किती दिवस बसणार आहेस अशी?"

"त्याला कंटाळा येईपर्यंत. आणि ताई, मला कंटाळा येत नाही हे तुला माहीत आहे."

मलाही ती खूण माहीत आहे. मी दोनदा वर जाऊन आलोय. एकदा डाव्या वाटेवर लांब, झाडांत, पिवळा रेनकोट दिसला. हात हलत होता. मी नीट बघितलं... आणि उजवीकडे वळलो.

ती खूण मी इथे लिहिणार नाही. कृपया विचारू नका. हे कोण कोण वाचतंय, मला माहीत नाही.

एवढंच लिहून मी थांबणार होतो. पण काल संध्याकाळी मावशीचा फोन आला.

"काय रे, लिहून झालं का?"

"होत आलंय."

"मग एक भर घाल. आज सकाळी पार्किंगच्या भिंतीवर बाण होता. ओला."

माझ्या हातातला पेला तसाच राहिला.

"खाली? पार्किंगमध्ये? अगं मग आता तू..."

"घाबरतोस काय? बरंच झालं की. मला चढ वाचला."

आणि ती हसली. अगदी मावशी हसते तशीच. शेवटी थोडा श्वास अडकतो तिचा, तसाच अडकला.

फोन ठेवला, आणि मग माझ्या लक्षात आलं.

ती खूण बघावी लागते. फोनवर ती कळत नाही.